न सुटणारा क्लच

बीडहून परळीकडे जाणारा रस्ता वडवणीतून जातो. आठवड्याच्या बाजाराचा दिवस असला म्हणजे ह्या रस्त्यावर बैलगाडी, ट्रॅक्टर, एस. टी.ची मोटार, शेळ्यांचा कळप आणि डोक्यावर पाट्या घेतलेली माणसे ही सारी एकाच वेळी येऊन उभी राहतात. अशा गर्दीत एखादी चाळीस-पन्नास वर्षांची येझदी मोटारसायकल फटफट करीत येते. पुढे काही आडवे आले की स्वार डाव्या हाताखालची कळ पूर्ण आवळतो. आता इंजिनाने एकट्यानेच फिरावे आणि चाकाने स्वस्थ उभे राहावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. परंतु गाडी काही स्वस्थ राहत नाही. ब्रेक दाबून धरला तरी ती पुढे रेटत असते, गिअर सोडवू म्हटले तर न्यूट्रल सापडत नाही, आणि अखेर एक गचका देऊन इंजिन बंद पडते. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू होतात. बिचारा स्वार खाली उतरून गाडी कडेला ढकलीत नेतो. कारागीर दुरूनच निदान सांगतो, "क्लच सुटत नाही."

हे निदान खरे असले तरी अपुरे आहे. ताप आला आहे एवढे सांगून वैद्य थांबत नाही. ताप कशाने आला हे त्याला शोधावे लागते. न सुटणाऱ्या क्लचाचेही तसेच आहे. ह्या एका लक्षणाच्या मागे सहा-सात निरनिराळी कारणे असू शकतात, आणि त्यांतील प्रत्येक कारण मोटारसायकलीच्या इतिहासातील कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर यंत्रात शिरलेले आहे. तो इतिहास जाणला म्हणजे निदानाची वाटही आपोआप उलगडते.

क्लचाचे काम खेड्यातील कोणालाही सहज समजण्यासारखे आहे. बैल गाडीला जुंपलेला असेपर्यंत बैल चालला की गाडी चालते. जुपणी सोडली की बैल मोकळा आणि गाडी उभी. इंजिन हा बैल आणि मागचे चाक ही गाडी असे धरले तर क्लच ही त्यांच्यामधील जुपणी होय. भेद इतकाच की बैल सोडावयास खाली उतरावे लागते, आणि क्लच मात्र चालत्या गाडीवर, दिवसातून शेकडो वेळा, डाव्या हाताच्या चार बोटांनी सोडावयाचा व जोडावयाचा असतो. म्हणजे ह्या जुपणीची कर्तव्ये दोन: धरणे आणि सोडणे. धरण्यात कसूर झाली की इंजिन ओरडते पण चढावर गाडी ओढत नाही. त्यास क्लच घसरणे म्हणतात. सोडण्यात कसूर झाली की वडवणीच्या बाजारातील प्रसंग ओढवतो. हे दोन रोग परस्परविरुद्ध आहेत, आणि एकाचा उतारा अविचाराने दिला तर दुसरा रोग जडतो. सगळ्या प्रकरणाचे मर्म येथेच आहे.

आरंभीच्या मोटारसायकलींना ही जुपणी नव्हतीच. १८९४ साली म्यूनिक येथे हिल्डेब्रांड आणि वोल्फम्यूलर ह्यांनी विक्रीसाठी बनविलेली मोटारसायकल ही ह्या जातीच्या वाहनांतील पहिली गणली जाते. तिच्या इंजिनाचे दांडे थेट मागच्या चाकालाच जोडलेले होते. चाक फिरले तर इंजिन फिरे, आणि चाक थांबले की इंजिनही थांबे. पुढे बरीच वर्षे चामड्याच्या पट्ट्याने चाक फिरविणाऱ्या गाड्या निघाल्या, त्यांचीही गत फारशी वेगळी नव्हती. गाडी ढकलीत पळावयाचे, इंजिन पेटले की उडी मारून बसावयाचे, आणि चौकात कोणी आडवे आले की इंजिन बंद करून पुन्हा पहिल्यापासून सारा व्यायाम करावयाचा! वडवणीच्या स्वाराला आजाराच्या रूपाने जे अधूनमधून भोगावे लागते, ते त्या काळच्या स्वाराच्या रोजच्या नशिबी होते.

ह्यातून सुटका करणाऱ्यांत यॉर्कशरचा आल्फ्रेड अँगस स्कॉट हा एक ठळक पुरुष होय. १९०८ साली त्याने बाजारात आणलेल्या दोन सिलिंडरच्या मोटारसायकलीत दोन वेगवेगळ्या गतींसाठी दोन साखळ्या होत्या. पायातील पट्टी एका बाजूस दाबली की एक साखळी काम करी, दुसऱ्या बाजूस दाबली की दुसरी, आणि पट्टी मध्यावर ठेवली की इंजिन मोकळे. शिवाय पायाने किक मारून इंजिन सुरू करण्याची सोयही त्याने केली. पुढे पहिल्या महायुद्धात ट्रायंफ कंपनीने १९१५ साली 'मॉडेल एच' ही गाडी काढली. तिला पायडल नव्हते. तीन गतींची गिअरपेटी आणि क्लच होता. अशा सुमारे ३०,००० गाड्या मित्रराष्ट्रांच्या सैन्याकडे गेल्या. चिखलातून निरोप घेऊन जाणाऱ्या शिपायास पदोपदी थांबावे व निघावे लागे, आणि क्लचावाचून ते होणे शक्य नव्हते. युद्ध संपले तेव्हा क्लच ही चैन राहिली नव्हती. तो मोटारसायकलीचा अवयव झाला होता.

परंतु मोटारसायकलीत जागा किती असावयाची! मोटारीत थाळीएवढी एकच मोठी चकती बसविता येते. येथे तळहाताहून थोड्या मोठ्या चकत्यांनीच भागवावे लागते. लहान चकतीची पकड कमी. मग उपाय असा निघाला की एका चकतीऐवजी चार-पाच चकत्या एकीवर एक रचाव्यात. एकाआड एक चकती इंजिनाच्या बाजूने फिरणाऱ्या डब्याला अडकवावयाची, मधल्या चकत्या गिअरपेटीच्या दांड्याला अडकवावयाच्या, आणि सगळी चळत स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरावयाची. घर्षणाचे पृष्ठभाग वाढले, पकड वाढली. मोटारींसाठी ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी यशस्वी करून दाखविणाऱ्यांत हेन्री सेल्बी हेले-शॉ ह्या इंग्रज प्राध्यापकाचे नाव अग्रभागी आहे. त्याच्या क्लचातील धातूच्या चकत्यांना गोलाकार खोल पन्हाळी असत आणि त्या तेलात चालत.

येथे एक मौजेचा योग आहे. हे क्लच करण्यापूर्वी लिव्हरपूल येथे शिकवीत असताना ह्याच हेले-शॉने दोन काचा अगदी जवळजवळ ठेवून त्यांच्यामधून दाट द्रव कसा वाहतो ह्याचे प्रयोग केले होते, आणि त्या प्रवाहास आजही शास्त्रग्रंथांत त्याचेच नाव आहे. तेलात भिजलेल्या दोन चकत्यांच्या मधल्या फटीतही असाच द्रवाचा पातळ थर असतो. फट जितकी अरुंद आणि तेल जितके दाट, तितकी एक चकती दुसरीस आपल्याबरोबर ओढून नेते. क्लच न सुटण्याच्या रोगाचे एक मूळ ह्याच नियमात आहे.

चकत्यांना कोणते अस्तर लावावे हाही मोठा प्रश्न होता. बहुसंख्य मोटारसायकलींनी दीर्घकाळ कॉर्कचा आश्रय केला. कॉर्क म्हणजे बाटलीचे बूच ज्याचे करतात ती साल. ती रस्त्याच्या कडेला पांढरी सुगंधी फुले गाळणाऱ्या देशी बुचाच्या झाडाची नव्हे. ती पोर्तुगाल-स्पेनकडील ओक जातीच्या वृक्षाची. तेलात भिजूनही तिची पकड जात नाही, आणि दाबली जात असल्यामुळे ती गाडीस गचका न देता हळूच जोडते. दोष एवढाच की फार घसरू दिली तर ती तापून जळते, आणि कोरडी बसविली तर प्रथमच करपते. म्हणूनच कॉर्कच्या नव्या चकत्या बसविण्यापूर्वी रात्रभर तेलात बुडवून ठेवण्याचा प्रघात पडला.

आता ही यंत्रे ह्या भागात कशी आली ते पाहू. वडवणी आणि सगळा बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. जिल्ह्याच्या पूर्वेस परळीला रेल्वे होती. परंतु खुद्द बीड शहरात ती आली ती २०२५ साली. निजामाच्या राज्यात १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बस सुरू झाली खरी, पण आडवाटेच्या गावाला तिचा उपयोग बेताचाच. तेव्हा शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाला, डॉक्टर अशा फिरत्या माणसास स्वतःचे वाहन हवे होते. त्याची सोय स्वातंत्र्यानंतर झाली. १९५५ साली मद्रासेत एनफील्ड इंडिया ही कंपनी निघून बुलेट देशात बनू लागली. १९६० साली रुस्तम व फारुख इराणी ह्यांनी म्हैसुरास आयडियल जावा हा कारखाना काढला. जावा हे नाव मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे. यानेचेक हा संस्थापक आणि वाँडरर ही जर्मन कंपनी ह्यांच्या नावांची आद्याक्षरे जोडून ते १९२९ साली झाले. म्हैसुरी गाडीचे नाव १९७३ पासून येझदी झाले. पोलंडच्या नमुन्यावरून बेतलेली राजदूतही १९६२ पासून मिळू लागली. ह्या तिन्ही जातींनी मराठवाड्यातील खडीचे आणि मातीचे रस्ते वर्षानुवर्षे तुडविले.

ह्या गाड्यांच्या घडणीतच क्लचाच्या ह्या हट्टी स्वभावाची कबुली सापडते. जुन्या बुलेटला गिअरच्या पट्टीशेजारी एक निराळी लहान पट्टी असे. टाचेने ती दाबली की गाडी एकदम न्यूट्रलमध्ये येई. न्यूट्रल सापडणे जड जाते हे कारखान्यानेच ओळखले होते, हा त्याचा अर्थ. जावा-येझदीत दुसरी युक्ती होती: गिअरची पट्टी पायाने दाबली की तीच आतून क्लचही सोडवी. म्हणजे क्लच सोडण्यास दोन वाटा, एक हाताची आणि एक पायाची. निदानाच्या कामी ही गोष्ट फार उपयोगी आहे, हे पुढे दिसेल.

निदानास हात घालण्यापूर्वी एक लहानसे गणित मनात ठेवले पाहिजे. समजा, क्लचात अस्तराच्या ५ चकत्या आहेत. प्रत्येकीस दोन बाजू, म्हणजे सुटावयाचे पृष्ठभाग १०. कळ पूर्ण आवळल्यावर दाब देणारी वरची चकती समजा २ मिलिमीटर उचलली गेली. ही २ मिलिमीटरची मोकळीक दहा ठिकाणी वाटली गेली म्हणजे प्रत्येक फटीच्या वाट्यास अवघी ०.२ मिलिमीटर येते. जाड कागदाच्या एका पानाएवढी! हाताशी तार थोडी ताणली गेली आणि उचल २ ऐवजी १.५ मिलिमीटर झाली, तर प्रत्येक फटीची चौथाई गेली. एखादी चकती ०.३ मिलिमीटरने वाकडी झाली, तर तिच्या वाट्याची सारी मोकळीक तिनेच खाऊन टाकली. इतक्या काटकसरीच्या संसारात लहानशी उधळपट्टीही का सोसत नाही, हे ह्यावरून ध्यानात येईल.

म्हणून जाणता कारागीर बाहेरून आत जातो, आतून बाहेर नव्हे. प्रथम रोग खरा आहे की नाही हे तो पाहतो. गाडी मधल्या स्टँडवर चढवून, इंजिन सुरू करून, कळ आवळून पहिला गिअर टाकला की मागचे चाक थोडे फिरणारच. तेलाच्या ओढीने ते फिरते. मागचा ब्रेक हलकेच दाबल्यावर चाक थांबले आणि इंजिनाचा आवाज बदलला नाही, तर ती केवळ तेलाची ओढ. चाक थांबविताना इंजिन दबले किंवा बंद पडले, तर मात्र क्लच खरोखर सुटत नाही.

दुसरा प्रश्न: हे केव्हा होते? केवळ सकाळी, पहिल्या गिअरला खाडकन आवाज होतो आणि मग दिवसभर काही नाही, असे असेल तर रात्रीतून चकत्या एकमेकींस चिकटल्या आहेत इतकेच. बुलेटसारख्या यंत्रात किकचा जोर क्लचामधूनच इंजिनाकडे जातो. तेथे कळ आवळून दोन-चार किका मारल्या की चकत्या सुटतात. इतर गाड्या, इंजिन बंद असता, गिअरमध्ये घालून, कळ आवळून पुढे-मागे ढकलल्या की तेच साधते. ह्यास एकही पैसा लागत नाही. थंड असता त्रास आणि तापल्यावर आराम, असे असेल तर तेल पाहावे. फार दाट किंवा फार जास्त भरलेले तेल हे कारण असू शकते. उलट थंड असता ठीक आणि गर्दीत तापल्यावर त्रास, असे असेल तर वाकलेल्या चकत्यांचा संशय धरावा.

ह्यानंतर तार. हाताच्या कळीशी सुमारे ३ मिलिमीटर सैलपणा असावा. त्याहून फार अधिक असेल तर हाताची अर्धी ओढ वायाच जाते. तारेचा एखादा धागा तुटला असेल, तारेवरचे वेष्टन वळणावर दबले असेल, आत तेल नसेल, तरीही ओढ टोकापर्यंत पोचत नाही. जावा-येझदीच्या मालकास येथे ती दुसरी वाट उपयोगी पडते. पायाच्या पट्टीने क्लच सुखाने सुटतो आणि हाताने मात्र सुटत नाही, असे दिसले तर दोष बहुधा तारेत किंवा कळीत आहे. आतल्या चकत्यांना हात लावण्याचे कारण नाही. दोन्ही वाटांनी सुटत नसेल, तर दोष आत आहे.

तार निर्दोष ठरली की ढकलदांडी. पुष्कळ यंत्रांत ही सळई गिअरपेटीच्या पोकळ दांड्यामधून जाऊन वरच्या चकतीस ढकलते. येथे एक विपरीत गोष्ट घडते. क्लच सुटत नाही म्हणून अजाण माणूस तार आवळत जातो, इतकी की सैलपणा मुळीच उरत नाही. मग ती सळई अखंड दाबाखाली घासत राहते, टोकाशी तापते, तिचे पाणी उतरते आणि ती झिजून आखूड होते. सळई आखूड झाली की उचल आणखी कमी होते, आणि क्लच पहिल्याहूनही वाईट सुटू लागतो. तो पुन्हा तार आवळतो! उपायानेच रोग वाढविण्याचे ह्याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

एवढे झाल्यावरच झाकण उघडावे. कळ आवळून धरली असता वरची चकती सरळ उचलली जाते की एका अंगाने, हे डब्यास सावकाश फिरवून नजरेने दिसते. ती डुलत असेल तर स्प्रिंगांचा जोर सारखा नाही. ज्या यंत्रात स्प्रिंगांचे नट फिरविता येतात तेथे जोर सारखा करता येतो. जेथे येत नाहीत तेथे स्प्रिंगांची उंची मापून थकलेल्या बदलाव्या लागतात. मग चकत्या काढून जाड, सपाट काचेवर ठेवाव्यात. खाली फिलर गेजची पाती शिरली की वाक पकडला. कॉर्क फुगले, सुटले वा करपले आहे काय, तेही पाहावे. शेवटी डब्याच्या खोबणी. चकत्यांचे दाते वर्षानुवर्षे आपटून खोबणीच्या भिंतींवर बारीक खाचा पाडतात. कळ आवळली तरी दाते त्या खाचांत अडकून राहतात आणि चकत्या मोकळ्या होत नाहीत. खाचा उथळ असतील तर बारीक कानशीने दोन्ही भिंती समान घासून हा दोष जातो. खोल असतील तर डबाच बदलणे भाग पडते.

ह्या क्रमास महत्त्व का? पुष्कळ ठिकाणी क्लच सुटत नाही म्हटले की झाकण उघडून चकत्यांचा सगळा संच बदलण्याची रीत पडली आहे. तारेचा दोष असेल तर नव्या चकत्यांनीही तो जात नाही, आणि मालकाची एक-दोन आठवड्यांची कमाई फुकट जाते. दुसरी रीत त्याहून घातक: हाताला जड लागते आणि सुटत नाही म्हणून स्प्रिंगाच सैल करावयाच्या. बाजारात गाडी शहाणी वागते. पण धारूरच्या घाटात चढणीला लागली की क्लच घसरतो, कॉर्क जळते, आणि सोडण्याच्या रोगातून सुटलेला माणूस धरण्याच्या रोगात अडकतो. दोष तसाच ठेवून गाडी हाकणेही स्वस्त पडत नाही. प्रत्येक गिअर ओढून ताणून टाकावा लागल्याने गिअरपेटीतील चक्रांचे दाते झडतात. आणि गर्दीत पुढे रेटणारी गाडी समोरच्या पोराला लागली तर त्या नुकसानीची किंमत कोणत्याच दुकानात करता येत नाही.

आणखी एक विचार आहे. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. जावा हे नाव २०१८ साली आणि येझदी हे नाव २०२२ साली पुन्हा बाजारात आले, परंतु ती यंत्रे निराळ्या घडणीची आहेत. त्यांचे भाग जुन्या गाडीस लागत नाहीत. तेव्हा जुन्या गाडीतून काढून टाकलेला प्रत्येक चांगला भाग हा पुन्हा न मिळणाऱ्या ठेव्यातून गेलेला आहे. ह्या गाड्या आजवर चालत राहिल्या त्या नव्या भागांच्या भरवशावर जितक्या, तितक्याच रस्त्याकडेच्या छपराखाली बसून कान देऊन ऐकणाऱ्या, हाताने चाचपणाऱ्या कारागिरांच्या निदानावर. हे निदान कोणत्या पुस्तकात बसून शिकलेले नसते. ते एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले असते, आणि शिकणारा हात पुढे आला नाही तर ते तेथेच संपते.

वडवणीचा तो कडेला थांबलेला स्वार अशा एखाद्या छपराशी येतो. कारागीर झाकणाला हात लावीत नाही. तो कळ दोनदा दाबून पाहतो, पायाने पट्टी दाबून पाहतो, मग हँडलाखाली वाकून तारेच्या वेष्टनावर बोट फिरवितो. वळणावर एका जागी ते चेपलेले असते. नवी तार पडते, दोन थेंब तेल पडते, कळीशी सैलपणा मापला जातो. स्वार किक मारतो, कळ आवळतो, गिअर टाकतो. गाडी जागची हलत नाही. मग तो कळ हलकेच सोडतो, आणि गाडी परळीच्या रस्त्याला लागते.